रेषेबाहेरचा माणूस

कोपर स्थानकाची गंमत अशी की तेथे आगगाड्या दोन मजल्यांवरून धावतात. खालून मुंबई-कल्याणच्या लोकल आणि त्यांच्या डोक्यावरून, आडव्या, दिवा-वसई मार्गावरच्या गाड्या. मी ज्या धर्मग्रामात सेवा करतो, तेथील पुष्कळ कुटुंबे या स्थानकाच्या दोन्ही अंगांना विखुरलेली आहेत. कोणी वसईकडून आलेले, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरहून, तर कोणी नगर जिल्ह्यातून. घरात प्रत्येकाची बोली निराळी. पण रविवारी संध्याकाळी खाडीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत मुलांच्या पायांत चेंडू आला की सगळ्यांची भाषा एक होते. त्या भाषेत व्याकरण कमी आणि आरडाओरडा फार!

मी गळ्यात शिट्टी अडकवून कडेला उभा असतो. चुन्याची रेषा मुलांनीच आखलेली; कुठे वाकडी, कुठे पुसट. त्या रेषेच्या आत ती आणि बाहेर मी.

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यातील एका रविवारी ही मुले खेळण्याच्या मनःस्थितीतच नव्हती. आदल्या मंगळवारी, १४ तारखेला, मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताचा संघ सिंगापूरकडून एकास दोन गोलांनी हरला होता आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपल्यासाठी बंद झाले होते. सारा राग एका माणसावर निघत होता. तो म्हणजे संघाचे प्रशिक्षक खालिद जमील.

"फादर, त्यांना काढूनच टाकायला पाहिजे!" एक जण म्हणाला.

"नुसतं कडेला उभं राहून ओरडायला काय लागतं?" दुसऱ्याने री ओढली.

तिसरा वयाने लहान. त्याने निरागसपणे विचारले, "ते स्वतः कधी खेळले होते का हो, फादर?" आणि मग, जणू त्याच प्रश्नाचे शेपूट असावे तसे, "तुम्ही का नाही खेळत आमच्याबरोबर?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले. दुसऱ्याच्या वेळी मी शिट्टी वाजवली आणि खेळ सुरू केला. गुडघ्यावर हात ठेवून वेळ मारून नेता आली असती. पण तेवढेच ते उत्तर नाही, हे मला ठाऊक होते. आज ते उत्तर लिहायला बसलो आहे.

माझा जन्म उत्तनचा. भाईंदरच्या पश्चिमेला, समुद्राच्या कुशीत वसलेले आमचे कोळ्यांचे गाव. किनाऱ्यावर वलांडींवर बोंबील वाळत घातलेले असत आणि ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूवर आम्हा पोरांचे फुटबॉलचे मैदान तयार होई. भरती आली की सामना संपला. पंचांची गरज नसे; समुद्रच शेवटची शिट्टी वाजवी.

माझे वडील तरुणपणी नावेवर खलाशी होते. डोल जाळे ओढणारे त्यांचे हात मी पाहिले आहेत. दोराने तळव्यांवर कायमचे चर पडलेले. पुढे ते तांडेल झाले. तांडेल म्हणजे नावेचा प्रमुख. तो जाळे ओढत नाही. तो मागे सुकाणूपाशी उभा राहतो, पाण्याचा रंग पाहतो, वारा पाहतो, कुठे थांबायचे आणि कधी परतायचे ते सांगतो. लहानपणी मला वाटे, वडिलांना बढती मिळाली, आता त्यांना आराम. एकदा तसे बोलूनही दाखवले. तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे, जाळं ओढताना दमतो तो हात. सुकाणू धरल्यावर दमतं ते काळीज."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढची कित्येक वर्षे लागली.

सेमिनरीत गेलो तेव्हा माझ्या पेटीत कपड्यांबरोबर एक जुना फुटबॉलही होता. तत्त्वज्ञानाच्या तासाला मी मागच्या बाकावर असे. पण संध्याकाळी मैदानावर मला कोणी मागे ठेवू शकत नसे. डाव्या बाजूचा हाफ ही माझी जागा. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात, निसरड्या मैदानावर, माझा उजवा गुडघा वळला तो कायमचाच. चालता येई, पळताही येई. पण वळता येत नसे. वळता न येणारा हाफ म्हणजे वल्हे मोडलेली होडी. तरी माझे मन मात्र रेषेच्या आतच राहिले. गुरुदीक्षा झाली, धर्मग्राम बदलत गेले, केसांत पांढरे डोकावू लागले. आणि मी प्रत्येक ठिकाणी मुलांबरोबर मैदानात उतरतच राहिलो. "फादर आमच्यात मिसळतात," असे लोक कौतुकाने म्हणत. मलाही ते गोड वाटे.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळतो. पण त्याची कथा सांगायची तर सुरुवात मडगावहून नव्हे, थेट इंग्लंडहून करावी लागेल.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्स्बी नावाचे बंदर आहे. एके काळी जगातील सर्वांत मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होत असे. तेथील फुटबॉल संघाला 'मरिनर्स', म्हणजे दर्यावर्दी, असे टोपणनाव आहे आणि त्या संघाचे पाठीराखे सामन्याला रबराचे फुगवलेले मासे घेऊन येतात! आमच्या उत्तनच्या माणसाला हे वाचून ते गाव परके कसे वाटावे? डेव्हिड बूथ हा या संघाचा बचावपटू. १९४८ चा जन्म, यॉर्कशायरमधील कोळसा खाणींच्या प्रदेशातला. आधी तिथल्याच बार्न्सली संघातून तो खेळला आणि १९७२ मध्ये ग्रिम्स्बीला आला. तो काही जगप्रसिद्ध खेळाडू नव्हता. ज्यांची छायाचित्रे मुले भिंतीवर लावतात, त्यांच्यातला तर नव्हेच. बचावपटूचे भाग्यच असे की त्याने शंभर वेळा गोल वाचवला तर तो कोणाच्या लक्षात राहत नाही आणि एकदा चुकला तर कोणी विसरत नाही.

१९८२ मध्ये त्याच ग्रिम्स्बीचा तो व्यवस्थापक झाला. इंग्लंडमध्ये संघाचे प्रशिक्षण, खेळाडूंची निवड, त्यांची खरेदी-विक्री हे सगळे पाहणाऱ्याला व्यवस्थापक म्हणतात. कालपर्यंत ज्या मैदानात घाम गाळला, त्याच मैदानाच्या कडेला आता उभे राहायचे; वय अजून तिशीतले, पाय अजून शिवशिवणारे. १९८३-८४ च्या हंगामात त्या छोट्या बंदराच्या संघाने दुसऱ्या श्रेणीत पाचवे स्थान मिळवले. वरच्या चार स्थानांवर चेल्सी, शेफील्ड वेन्सडे, न्यूकॅसल आणि मँचेस्टर सिटी असे मातब्बर संघ होते, एवढे सांगितले म्हणजे त्या पाचव्या स्थानाची किंमत कळेल. पुढल्या वर्षी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, लीग चषकात ग्रिम्स्बीने एव्हर्टनला त्यांच्याच मैदानावर एका गोलाने हरवले. गोल झाला तो सामना संपता संपता. त्या हंगामात एव्हर्टन इंग्लंडचा विजेता ठरला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गोलाची गोडी वाढते.

पण माझे मन त्या गोलावर रेंगाळत नाही. ते रेंगाळते कडेला उभ्या असलेल्या माणसावर. नव्वद मिनिटे त्याला काय वाटले असेल? चेंडू आपल्या गोलाकडे येतो आहे, कुठे उभे राहायला हवे हे आपल्याला दिसते आहे, आपल्या पायांना ते पाठ आहे, आणि तरी जायचे नाही. बचावपटूचा सारा जन्म मध्ये पडण्यात गेलेला. व्यवस्थापक झाल्यावर त्याने पहिली गोष्ट शिकायची ती मध्ये न पडण्याची.

१९८५ मध्ये बूथ यांनी ग्रिम्स्बी सोडले. पुढे अनेक देशांत त्यांनी मुलांना शिकवले आणि फिरत फिरत ते आपल्या मुंबईत आले. महिंद्र युनायटेडला त्यांनी शिकवले होते. आणि २००७ मध्ये 'मुंबई एफसी' हा नवा व्यावसायिक संघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या पहिल्या प्रशिक्षकपदी त्यांचीच नेमणूक झाली. तेव्हा ते साठीला टेकले होते. २००८ मध्ये दुसऱ्या विभागातून वर येऊन हा संघ आय-लीगमध्ये दाखल झाला. पुढे २०१४ मध्ये लाओससारख्या लहान देशाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही ते होते. कोळशाच्या खाणींपासून माशांच्या बंदरापर्यंत, तेथून मुंबईच्या कूपरेजपर्यंत आणि मेकाँगच्या काठापर्यंत! आम्हां धर्मगुरूंच्या बदल्या होतात तेव्हा आम्ही कुरकुरतो. या माणसाच्या बदल्या पाहिल्या की ओशाळायला होते.

मुंबई एफसीने सुरुवातीलाच जे खेळाडू घेतले, त्यांत खालिद जमील होते. १९७७ मध्ये कुवेतमध्ये जन्मलेला हा मध्यरक्षक मुंबईत एअर इंडियाकडून आणि महिंद्र युनायटेडकडून खेळला, भारताचा गणवेशही त्याने अंगावर चढवला. पण मुंबई एफसीत आला तेव्हा दुखापतींनी त्याला घेरले होते. नव्या संघात नाव आहे, गणवेश आहे, आणि पाय साथ देत नाहीत. २००९ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी खेळणे थांबवले आणि त्याच संघाच्या प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतली. एका इंग्रज बचावपटूने जी जागा सांभाळली होती, ती एका जायबंदी भारतीय मध्यरक्षकाने घेतली.

मुंबईला फुटबॉल नवा नाही. रोव्हर्स चषक येथे १८९१ मध्ये सुरू झाला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मुंबईकडूनच खेळत. गोव्याने तर आपल्याला खेळाडूंबरोबर आर्मांदो कुलासो, सावियो मेदेरा, डेरिक परेरा असे प्रशिक्षकही दिले. पण आमच्या लोकांच्या तोंडी नावे असतात ती गोल करणाऱ्यांची. नेव्हिलचे नाव घेताना आजही वृद्धांचे डोळे चमकतात. त्या ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक कोण होते, हे विचारून पाहा. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, हे नाव दहांतील एकाला तरी आठवले तर नशीब! हिंदी चित्रपट निघाला तेव्हा कुठे आपल्याला त्यांची ओळख झाली.

आता माझ्या कबुलीकडे येतो.

२००८ ची गोष्ट. मुंबईच्या एका उपनगरातील धर्मग्रामात मी सहाय्यक धर्मगुरू होतो. वय अडतीस. शेजारच्या धर्मग्रामांची मिळून फुटबॉल स्पर्धा भरे. प्रत्येक संघात एखादा धर्मगुरू खेळला तरी चालेल, अशी त्यात मुभा होती. आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. मी संघाचा प्रशिक्षकही होतो आणि राखीव खेळाडूंत माझे नावही होते. ही दुहेरी भूमिकाच माझा घात करणार होती.

आमच्या डाव्या बाजूला सोळा वर्षांचा एक मुलगा खेळत होता. सडपातळ, अबोल, वेदीसेवक. त्याला शिकवले मीच. माझीच जागा, माझीच ढब. मध्यंतरापर्यंत गोल नव्हता. त्यानंतर त्याचे दोन चेंडू चुकले. फार मोठ्या चुका नव्हत्या. दुसऱ्या कोणाच्या असत्या तर मी टाळ्या वाजवून 'चालेल, चालेल' म्हटले असते. पण कडेला उभा राहून माझे पाय पेटले होते. वीस मिनिटे उरली असताना मी पंचांना हात केला, त्या मुलाला बाहेर बोलावले आणि त्याच्या जागी स्वतः आत गेलो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात आणि आज त्या आवडत नाहीत.

शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा एक चपळ मुलगा माझ्या बाजूने आला. त्याने उजवीकडे हूल दिली. मला वळायचे होते. गुडघा वळला नाही. तो माझ्या बाजूने निघून गेला आणि गोल झाला. आम्ही एका गोलाने हरलो.

सामन्यानंतर सगळे माझ्याभोवती जमले. "फादर, या वयात तुम्ही केवढं धावलात!" माझेच सांत्वन! मीही हसून म्हणालो, "हार-जीत चालायचीच." चूक कोणाची, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. तो मुलगा कुठे होता, हे मी पाहिलेही नाही. पुढच्या आठवड्यापासून तो सरावाला येईनासा झाला. मग वेदीसेवेलाही. वयात येणाऱ्या मुलांचे असे होते, अशी मी स्वतःची समजूत घातली. काही महिन्यांनी ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेले आणि माझीही बदली झाली. त्या सामन्यानंतर मी मैदानात उतरलो नाही. लोकांना कारण सांगितले गुडघ्याचे.

२०१५ मध्ये एकदा काही मुलांना घेऊन मी कूपरेजला मुंबई एफसीचा सामना पाहायला गेलो होतो. प्रेक्षक मोजकेच. मुलांचे लक्ष चेंडूवर. माझे लक्ष कडेला उभ्या असलेल्या खालिद जमील यांच्यावर खिळले. सात वर्षे त्यांनी तो संघ सांभाळला. पैसा बेताचा, खेळाडू इतरांनी नाकारलेले. वर्षामागून वर्षे वरच्या श्रेणीत टिकून राहायचे, एवढेच ध्येय. वर्तमानपत्रांना त्यात बातमी दिसत नसे. आणि हा माणूस फारसे न बोलणारा, मुलाखतींपासून दूर राहणारा. तेव्हाही त्यांचे वय चाळिशीच्या आतच होते. एकदा चेंडू त्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो पायाने अडवला आणि हातांत उचलून आपल्या खेळाडूकडे दिला. एवढेच. पण त्या एका क्षणी मला माझे वडील आठवले, सुकाणूपाशी उभे असलेले. हे माझे पाय नव्हेत, हा माझा खेळ नव्हे, माझी माणसे आत आहेत, हे त्या हातांत उचललेल्या चेंडूने मला सांगितले.

२०१६ मध्ये त्यांचे मुंबई एफसीशी नाते संपले आणि ते दूर मिझोरममध्ये ऐझॉलला गेले. डोंगरउतारावरचे ते गाव. घराघरांत ख्रिस्ती कुटुंबे, रविवारी बाजार बंद. ऐझॉल एफसी हा संघ आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या संघांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. अशा संघात त्यांनी काय केले? स्थानिक मिझो मुलांना हाताशी धरले आणि त्यांच्या जोडीला मुंबईत आपल्या हाताखालून गेलेले काही खेळाडू आणले. आशुतोष मेहता आणि जयेश राणे ही त्यांतली नावे.

३० एप्रिल २०१७. रविवार होता तो. हंगामाचा शेवटचा सामना शिलाँगला. ऐझॉलला बरोबरी पुरेशी होती. हरले तर कोलकात्याच्या मोहन बागानला संधी. सुरुवातीलाच गोल खाल्ला. उत्तरार्धात बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. खाली घसरलेला संघ एका वर्षात देशाचा विजेता झाला! ईशान्य भारतातील कोणत्याही संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. संध्याकाळच्या मिस्सेनंतर मला ही बातमी कळली तेव्हा मी धर्मगुरुनिवासाच्या जिन्यात उभा होतो आणि एकटाच टाळ्या वाजवू लागलो. स्वयंपाकीण बाईंना वाटले, फादरांना काही झाले!

त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन आय-लीगमधून बाहेर पडला आणि मग तो संघच राहिला नाही. एका माणसाच्या असण्या-नसण्याने एवढा फरक पडतो, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. संघ घसरतात त्याला कारणे पुष्कळ असतात. तरी मला वाटते, टिकवून ठेवणाऱ्याची किंमत तो निघून गेल्यावरच कळते. आमच्या घराघरांतल्या आया आणि आज्या यांच्याविषयीही आपण हेच म्हणतो ना?

पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर अशा अनेक संघांतून जात ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. २०१२ मध्ये सावियो मेदेरा पायउतार झाल्यानंतर या पदावर कायमस्वरूपी आलेले ते पहिले भारतीय. आल्या आल्या ताजिकिस्तानमधील स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून संघाने तिसरे स्थान मिळवले, तेव्हा हीच आमची मुले त्यांचे नाव घेऊन नाचली होती. मग सिंगापूरकडून पराभव, नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून पराभव. नाचणारेच आता दगड शोधत होते.

त्याच नोव्हेंबरमध्ये एका दुपारी मी एका आजारी वृद्धेला ख्रिस्तप्रसाद देऊन परतत होतो. कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटाकडे जाणारा जिना उतरताना एका माणसाने मला हाक मारली. "फादर, ओळखलंत?" तिशी ओलांडलेला, अंगाने भरलेला, कडेवर झोपलेली लहान मुलगी. मी ओळखले नाही. त्याने डावा पाय किंचित पुढे टाकला आणि हसला. त्या एका हालचालीने मी त्याला ओळखले. सतरा वर्षे मध्ये गेली होती.

तो वसईकडे निघाला होता. वरच्या मजल्यावरच्या गाड्या मोजक्याच. एक गेली होती, दुसरीला अवकाश होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी धीर केला. म्हणालो, "त्या अंतिम सामन्याच्या दिवशी मी तुला बाहेर काढलं. ते बरोबर नव्हतं."

तो गप्प राहिला. मग मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "फादर, त्या दिवशी माझी आजी आली होती बघायला. त्याआधी तिनं कधी मला खेळताना पाहिलं नव्हतं. मी बाहेर येऊन तिच्याजवळ बसलो तेव्हा तिनं विचारलं, 'तुझं काही चुकलं का रे?'"

मी म्हणालो, "चूक तुझी नव्हती. माझी होती."

"ते मला तेव्हाही ठाऊक होतं, फादर," तो शांतपणे म्हणाला. "पण तिला कुणीतरी सांगायला हवं होतं."

"आजी कशी आहे?" हे विचारतानाच मला उत्तर कळले होते. ती तीन वर्षांपूर्वी गेली. गाडी आली. त्याने वाकून माझा हात हातात घेतला, मुलगी जागी झाली, आणि गर्दीत ती दोघे दिसेनाशी झाली. तो रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षे मला वाटत होते, माझी चूक मैदानात उतरण्याची. ती चूक होतीच. पण त्याहून मोठी चूक सामना संपल्यावर झाली. वडिलांचे जाळे कधी कधी रिकामे येई. किनाऱ्यावर खलाशांच्या बायका टोपल्या घेऊन उभ्या असत. नाव टेकली की वडील सगळ्यांत आधी उतरत आणि त्या बायकांसमोर जाऊन म्हणत, "आज पाणी मी चुकलो." खलाश्याने दोर ढिला सोडला असेल, कोणाला उशीर झाला असेल, ते नावेवर बोलून होई. किनाऱ्यावर मात्र एकच वाक्य. म्हणून तर कोणत्याही खलाश्याला घरी जाऊन खाली मान घालावी लागली नाही. 'दमतं ते काळीज' म्हणजे काय, ते मला कोपरच्या जिन्यावर कळले.

रेषेबाहेरच्या माणसाची कामे तशी दोनच. आत कोण जाणार हे ठरवून मग आपले पाय आवरायचे. आणि हरल्यावर, आतल्याची आजी जिथे बसली असेल तिथवर चालत जायचे. डेव्हिड बूथ आणि खालिद जमील या दोघांनी पहिले काम किती वर्षे केले, ते आपण पाहिले. दुसरे काम कॅमेऱ्यासमोर होत नाही, म्हणून त्याची नोंद कुठे सापडत नाही. पण ज्याला संघ पुन्हापुन्हा सोपवला जातो आणि ज्याच्यामागे त्याचे जुने खेळाडू मुंबईहून मिझोरमपर्यंत जातात, त्याने ते कुठेतरी केले असलेच पाहिजे, असे माझे मन मला सांगते.

नाताळानंतर आमच्या मुलांचा एका शेजारच्या संघाशी सामना झाला. शेवटच्या क्षणी आमचा गोलरक्षक पुढे धावला, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि आम्ही हरलो. मुलगा गोलखांबाला टेकून रडत होता. त्याची आई कडेला, हातात पाण्याची बाटली धरून, कावरीबावरी उभी होती. बाकीची मुले माझ्याकडे येत होती. मी त्यांना ओलांडून त्या माउलीकडे गेलो आणि म्हणालो, "त्याला पुढे यायला मी सांगितलं होतं. अंदाज माझा चुकला."

तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मुलाकडे. मग रेषा ओलांडून ती आत त्याच्यापाशी गेली. मी बाहेरच थांबलो.